पाहुण्यांच्या बाजूची आई

वेलबर्ग कॉलेजच्या मैदानावर आर्लिस उभी राहायची ती पाहुण्या संघाच्या बाजूला. साखळीवाल्यांची जागाच तिथे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत संघाला चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. ते अंतर दाखवायला दहा यार्डांची साखळी आणि दोन टोकांना दोन काठ्या. पुढची काठी सव्वीस वर्षं तिच्या नवऱ्याच्या, ऑर्विनच्या हातात होती. तो गेला, तेव्हा दफनानंतरच्या जेवणात दुसऱ्या काठीवरचा म्हातारा व्हर्जिल तिला म्हणाला, "आता तूच धर. दोनच नियम. तोंड उघडायचं नाही, आणि जागेवरून पाय हलवायचा नाही."

त्या वेळी तिचा टॅनर शाळेत होता. आता तो कॉलेजच्या संघात, अंगावर बत्तीस नंबर. चेंडू घेऊन पळणं हे त्याचं लहानपणापासूनचं काम. यंदा हस्कॅम्प नावाचे नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी चेंडू दुसऱ्याकडे दिला. टॅनरनं फक्त पुढे धावायचं आणि अंगावर येणाऱ्यांना अडवायचं.

ओळीनं तीन सामने हरल्यावर आर्लिसला राहवलं नाही. तिनं हस्कॅम्पना फोन केला.

"तो पळतो हो चांगला. एकदा देऊन तर बघा चेंडू."

"बाई, टॅनर वीस वर्षांचा आहे," ते शांतपणे म्हणाले. "त्याला काही म्हणायचं असेल तर तो म्हणेल."

दुसऱ्या दिवशी टॅनरचा फोन आला. "आई, पोरं विचारतायत, आज आईनं डब्यात काय दिलंय? माझ्यासाठी पुन्हा कुणाशी बोलायचं नाही. कळलं?"

त्यानंतर तो तिच्याशीही बोलेनासा झाला. दर रविवारी होस्टेलवरून जेवायला यायचा, ते बंद. ती त्याच्या आवडीची बटाट्याची हॉटडिश ओव्हनमध्ये भाजायची आणि गुरुवारपर्यंत एकटीच संपवायची.

उरले शनिवार. तो समोरच्या कडेला, बोटाएवढा. डावा पाय जपून टाकतोय, मनगटावर पट्टी आहे, एवढं तिला इथूनही दिसे. आणि कानाशी पाहुण्यांची पोरं.

"तो बत्तीस बघ! भिंत म्हणून उभा केलाय म्हणे."

"भिंत कसली, पडदा आहे पडदा! फुंकर मार, सरकतो."

तिच्या मुठी आवळायच्या. व्हर्जिल पुटपुटायचा, "आर्लिस, काठी मोडशील हं."

नोव्हेंबरातला शेवटचा सामना. आधीचे नऊही हरलेले. याच्यातही सत्तावीस-तीन अशी पिछाडी. बारीक बर्फ पडत होता. चेंडूवाला नेमका तिच्या बाजूनं आला. त्याच्यापुढे टॅनर. दोघंजण त्याच्यावर तुटून पडले, त्यानं दोघांनाही अंगावर घेतलं, आणि तिघं मिळून रेषेबाहेर थेट तिच्या काठीवर येऊन कोसळले.

अशा वेळी काठी सोडून मागे व्हायचं असतं. काठी तिनं सोडली. मागे व्हायचं राहून गेलं. बूट होता तिथेच राहिला आणि बुटापाशी तिचा मुलगा पडलेला. ओठ फुटलेला. गालफडं बसलेली.

लागलं का रे? शब्द दातांपर्यंत आले. तिनं ते गिळले. नियम व्हर्जिलचा होता, पण ती गप्प राहिली टॅनरसाठी.

तो उठला. बर्फातली काठी उचलली, तिच्या बुटाच्या टोकाशी नीट टेकवली आणि तिच्या हातात दिली.

"ए बत्तीस," मागून कुणीतरी ओरडलं, "आजीला घरी सोडून ये जा!"

हशा पिकला. टॅनर वळला. "माझी आई आहे ती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, हळूच, "पाय हलवू नकोस, आई." आणि पळाला.

सामना तेवढ्याच फरकानं हरले. शिट्टी झाली, दिवे एकेक करून मालवू लागले. समोरच्या दारातून खेळाडू आत जात होते. बत्तीस नंबर दिसला, दिसेनासा झाला. वळून बघितलं की नाही, बर्फात कळलं नाही.

व्हर्जिल साखळी गुंडाळत तिच्यापर्यंत आला. "संपलं बाई. आता तरी हलव की तो पाय."

"उद्या रविवार," आर्लिस म्हणाली. या मैदानावर ती पहिल्यांदाच बोलत होती. "दुकान उघडं असेल ना रे अजून? घरात बटाटे दोनच आहेत."

ती अजून त्या दाराकडेच बघत होती.