दोन ते तीनचा तास

माझ्या आत्यानं सार्वजनिक तलावावर एकोणीस वर्षं तिकिटं फाडली, आणि त्यातली पहिली पंधरा वर्षं तिचा घोटासुद्धा त्या पाण्यात भिजला नाही. तलाव म्हणजे पोहण्याचा, निळ्या फरशीचा, पंचवीस मीटर लांब, एका बाजूला कमरेइतका आणि दुसऱ्या बाजूला एकावर एक दोन माणसं बुडतील एवढा खोल. तिकिटाच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. पुढची वीतभर, नुसता हात आत जाईल एवढी. मागची मोठी, थेट पाण्याकडे उघडणारी. पुढून तिला फक्त हात दिसायचे आणि नुसत्या हातावरून ती माणूस ओळखायची. लोक तिला खिडकीबाई म्हणत. ती म्हणायची, "साहेब म्हणवून घेण्यापेक्षा बरं. खिडकी निदान उघडते तरी."

बायकांचा तास दुपारी दोन ते तीन. ही वेळ कुणी ठरवली ते विचारू नका. ऊन डोक्यावर, काठावरची फरशी तव्यासारखी तापलेली, म्हणजे बाकी कुणालाच नको असलेली वेळ. घरात उरलंसुरलं बायकांच्या वाट्याला येतं, तलावावर वेगळं काय होणार? पण त्या एका तासाला वीस-बावीस जणी नेमानं यायच्या. बेकरी चालवणाऱ्या दोघी जावा, दवाखान्यातली नर्स, गुडघे धरलेल्या निवृत्त मास्तरीणबाई. यांच्यापैकी कुणाला विचारलं असतं तर आठवड्यातले हे सहा तासच आपले आहेत, बाकीचे सगळे दुसऱ्या कुणाचे तरी, असं सांगितलं असतं.

एका दुपारी आत्या मागच्या खिडकीतून पाण्याकडे बघत होती. उथळ बाजू संपून उतार सुरू होतो तिथं एक नवीन आलेली बाई उभी होती. डोकं मागे टाकलेलं, तोंड आभाळाकडे आणि उघडं. आत्याला वाटलं, बाई मजेत आहे. तिनं मान वळवली आणि पुढच्या खिडकीतल्या हाताला तिकीट फाडून दिलं. तेवढ्यात जीवरक्षक मुलीनं उडी मारून त्या बाईला बाहेर काढलं. बाई वाचली, दोन दिवस दवाखान्यात राहून घरी गेली. आत्याची मात्र जेवणावरची वासनाच उडाली.

"बुडणारा माणूस आरडाओरडा करतो असं मी जन्मभर समजत होते," ती बाबांना म्हणाली. "ती ओरडली नाही रे. हातसुद्धा वर केला नाही. तोंडात पाणी असल्यावर ओरडणार कशानं? आणि मी शहाणी, बघून न बघितल्यासारखी बसले."

बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी समजूत घातली की, ताई, तुझं काम तिकिटं फाडायचं, पाणी बघायचं नाही. पुढच्या सोमवारी तिनं पोहण्याचा पोशाख आणला, दुपारी एका तासापुरती खिडकी झाडूवाल्या काकांच्या ताब्यात दिली आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी काठाची दांडी दोन्ही हातांनी धरून पाण्यात उतरली. दोन महिने ती दांडी तिनं सोडली नाही. मग एके दिवशी सोडली, आणि चार वर्षांत अशी पोहायला लागली की बेकरीतल्या जावा तिच्या मागे पडल्या.

त्यानंतर खरी अडचण आली. जीवरक्षक मुलीला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. नियम असा, की बायकांच्या तासाला काठावर प्रमाणपत्र असलेली बाईच हवी. आठवडाभरात व्यवस्थापकांनी दारावर सूचना लावली. महिला जीवरक्षकाअभावी महिलांचा तास येत्या एक तारखेपासून तात्पुरता बंद.

"तात्पुरता," आत्या म्हणाली. "लहान मुलांचा तलावही अकरा वर्षांपूर्वी तात्पुरताच बंद केला होता. आता त्यात मोडक्या खुर्च्या ठेवतात."

ती सरळ व्यवस्थापकांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"जीवरक्षकाची परीक्षा कधी आहे, साहेब?"

"सव्वीस तारखेला. का? कुणी आहे का तुमच्या बघण्यात?"

"मी आहे."

एरवी एका सहीला तीन दिवस घेणारा तो माणूस. त्यानं आत्याकडं नखशिखान्त बघितलं आणि पाच मिनिटांत फॉर्म शोधून हातात ठेवला. वाद घालण्यापेक्षा परीक्षेनंच हिला गप्प केलेलं बरं, असा हिशोब असावा. अठ्ठेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, जिना चढताना कठडा धरणारी बाई पास होईल असं त्याला वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं.

पुढचे तीन आठवडे घरात कुणाला सुख नव्हतं. सकाळी चहा उकळेपर्यंत आत्या मोठ्या घमेल्यात तोंड बुडवून श्वास धरायची आणि बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सेकंद मोजायचे. मोजता मोजता सल्लेही द्यायचे. खांदे सैल सोड, डोळे मीट, घाई करू नकोस. बाबांना स्वतःला आंघोळीच्या तांब्यापलीकडे पाण्याचा अनुभव नाही. उंटावरचा शहाणा म्हणजे काय ते मी तेव्हा रोज सकाळी बघत होते.

तलावावर तिला बगळ्यानं शिकवलं. बगळा म्हणजे सकाळचा जीवरक्षक. उंच, काटकुळा, काठावर तासन्‌तास एका पायावर उभा राहणारा, म्हणून बगळा. तळाशी टाकलेली पाच किलोची रबरी वीट वर आणणं हा परीक्षेतला एक भाग. पहिल्या दिवशी आत्या अर्ध्यातूनच वर आली, कान धरून.

"बाई, कान दुखतात म्हणून वीट वर येत नसते," बगळा म्हणाला.

"तुला कान आहेत कुठं? कुणाचं ऐकतोस का कधी?" आत्या म्हणाली आणि परत खाली गेली. नवव्या दिवशी वीट वर आली. त्या दिवशी बगळ्यानं दोन्ही पाय जमिनीवर टेकून टाळ्या वाजवल्या.

सव्वीस तारखेला परीक्षक आले. गळ्यात स्टॉपवॉच, हातात कागदांची पाटी, बोलणं मोजून मापून. परीक्षेच्या वेळी पाण्यात दुसऱ्या कुणी उतरायचं नाही, असं त्यांनी बजावलं. दोनच्या तासाच्या सगळ्या जणी काठावर रांगेत बसल्या होत्या. मीही त्यांच्यात होते.

दोनशे मीटर झाले. वीट झाली, पहिल्याच बुडीत. उरलं वाचवणं. शिट्टी झाली की बुडणाऱ्यापर्यंत पोहोचायचं आणि त्याला नव्वद सेकंदांत काठाला आणायचं. बुडणारा अर्थात बगळा. आता परीक्षेतलं बुडणं म्हणजे ओरडणं, अशी तिथली जुनी रीत. बगळा तर त्यात वाकबगार. "वाचवा, मेलो, मेलो" असा आकांत त्यानं मांडला की रस्त्यावरचे दोघे-तिघे आत डोकावले.

शिट्टी झाली, आत्यानं उडी मारली, चार हात मारले आणि मध्येच थांबली. मग बगळ्याकडं पाठ करून ती भलतीकडेच निघाली. परीक्षकांनी हातातली पेन्सिल खाली घेतली. आम्ही उभ्याच राहिलो.

उताराजवळच्या कोपऱ्यात मास्तरीणबाई होत्या. उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून कुणाचं लक्ष नाही बघून हळूच पाण्यात सरकलेल्या. डोकं मागे, तोंड आभाळाकडे, उघडं. आत्यानं जाऊन त्यांची हनुवटी धरली.

"अगं सोड, सोड. मी तरंगतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "परवाच जमलंय मला."

काठावर हशा पिकला. आत्या वळली, बगळ्याकडं गेली, त्याला मानेखालून धरून काठाला आणलं. परीक्षकांनी घड्याळ तिच्यासमोर धरलं. एकशे दोन सेकंद.

"नापास," ते म्हणाले. "ओरडणारा माणूस समोर असताना तुम्ही तिकडे कशाला गेलात?"

आत्या काठाला धरून धापा टाकत होती, पण आवाज पक्का होता. "ओरडणाऱ्याच्या छातीत श्वास आहे, साहेब. त्याला आणखी दहा सेकंद मिळतात. गप्प असलेल्याला मिळत नाहीत. नापास लिहा, पण कारणही लिहा. पुन्हा असं झालं तर मी पुन्हा तिकडेच जाईन."

मला तिचा इतका अभिमान वाटला आणि इतकं रडू आलं की काय करावं सुचेना. तास गेला, असंच सगळ्या जणींना वाटत होतं. बेकरीतली थोरली जाऊ तर टॉवेल गोळा करायलाही लागली होती.

परीक्षकांनी पाटीवर बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "नियमानं त्याच दिवशी दुसरा प्रयत्न देता येतो. अर्ध्या तासानं घेऊ. पण या वेळी माझ्या पद्धतीनं." त्यांनी सगळ्या बायकांना पाण्यात उतरायला सांगितलं. नेहमीसारख्या पोहा, गप्पा मारा, खेळा. "यातली एक जण बुडेल. कोण ते मी सांगणार नाही." मग आत्याला दाराबाहेर पाठवून त्यांनी आम्हाला विचारलं, "कुणाला चांगलं पोहता येतं?"

मी हात वर केला. मी एकोणीस वर्षांची होते, हातपाय मारत एक लांबी पार करायचे, म्हणजे येतच होतं की. परीक्षकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की पाण्यात उतरल्यापासून भिंतीवरच्या घड्याळात बरोबर चार मिनिटं झाली की उताराजवळ बुडायचं. ओरडायचं नाही, हात हलवायचे नाहीत, तोंड तेवढं पाण्याच्या पातळीला ठेवायचं.

आम्ही उतरलो. नर्सनं पाणी उडवलं, जावा कशावरून तरी खिदळायला लागल्या. आत्या परत आत येऊन काठावर तरंगती लाल ट्यूब घेऊन उभी राहिली. मी उताराशी गेले. वेळ होती, म्हणून म्हटलं, एकदा करून बघू. छातीतली हवा सोडली, गुडघे वाकवले, खाली गेले. पुन्हा उभी राहायला गेले तर पायाखाली फरशी नव्हती. मी उतारावरून पुढे सरकले होते. तोंड वर आलं तेव्हा श्वास घ्यायच्या ऐवजी मी पाणी घेतलं. दुसऱ्यांदाही पाणीच. दोन हातांवर जावा हसत होत्या, मला त्या स्पष्ट दिसत होत्या. मला हाक मारायची होती. हाक नावाची गोष्टच माझ्यात उरली नव्हती. हात आपोआप पाणी खाली दाबत होते, वर येतच नव्हते. या आता मला बघतील, मग बघतील, असं वाटत राहिलं आणि कुणीही बघितलं नाही. मी मरणार, असं मला अगदी साधेपणानं वाटलं.

मग काखेतून एक हात आला आणि छातीखाली ट्यूब आली. पाठीवर पडून मला आभाळ दिसलं, आणि कानाशी आत्याचा श्वास ऐकू आला, एका लयीत, जराही घाई नसलेला.

परीक्षकांनी घड्याळ तिनं उडी मारल्याबरोबर सुरू केलं होतं. अठ्ठावन्न सेकंद. काठावर मी खोकत होते आणि ते माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाले, "थोडी घाई केलीस, पण नाटक सुरेख. असं बुडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं." मी मान हलवली. बोलायला दम नव्हता. आत्या माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली आणि ते सही करत असताना त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही.

व्यवस्थापकांनी दारावरची सूचना स्वतःच्या हातानं काढली. मास्तरीणबाईंनी आत्याला पास केल्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं आणि कुणी हरकत घेतली नाही. बगळा म्हणाला की पुढच्या परीक्षेपासून आपण गप्प बुडणार, पण ते त्याला जमेल असं कुणालाच वाटेना.

पाच वाजता आम्ही दोघी घरी निघालो. आत्याच्या पिशवीत प्रमाणपत्राचा कागद होता, केस अजून ओले होते. रस्ता ओलांडून झाल्यावर तिनं विचारलं.

"तुला कितव्या मिनिटाला बुडायला सांगितलं होतं?"

"चौथ्या," मी म्हणाले.

"मी उडी मारली तेव्हा तीनसुद्धा झाली नव्हती."

मी फुटपाथवरच थांबले आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू बाहेर पडलं. येणारेजाणारे बघत होते. आत्यानं मला जवळ घेतलं, पूर्ण रडू दिलं, आणि मग पदरमोड केल्यासारखा तिचा एकुलता एक कोरडा टॉवेल माझ्या हातात दिला.

"मग सांगितलं का नाहीस त्यांना?" मी विचारलं.

"सांगून काय? त्यांच्या कागदात तसा रकाना नाही." तिनं पिशवी खांद्यावर सारखी केली आणि चालायला लागली. "उद्या दोन वाजता उथळ बाजूला ये. आधी तरंगायला शिकवते. आणि ते येईपर्यंत, पोहता येतं म्हणून कुणापुढं हात वर करू नकोस."