चार महिन्यांची शाळा

गेल्या वर्षी जुलैतल्या एका सोमवारी सुनीता बर्डे या मुलीने माझ्या वीसपैकी चौदा प्रश्नांना ‘माहीत नाही’ असे उत्तर दिले. मी जमात पडताळणी समितीत रिसर्च ऑफिसर आहे. भिल्ल म्हणून अर्ज करणाऱ्याला जमातीचे देव, लग्नविधी, बोली यांबद्दल विचारायचे आणि उत्तरे जुन्या वर्णनांशी ताडून पाहायची. याला ॲफिनिटी टेस्ट म्हणतात. सुनीताला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पंधरा दिवसांत व्हॅलिडिटी, म्हणजे आमच्या समितीचे वैधता प्रमाणपत्र, जोडली नाही, तर तो रद्द होणार होता.

समितीतले माझे साहेब म्हणाले, "जुळत नाही, असं लिहा."

"सर, मागे एकाची वीसच्या वीस उत्तरं बरोबर होती. त्याचा दाखला खोटा निघाला."

"मग कागद आणा. घरात कोणी शिकलेलं?"

अर्जात लिहिले होते: वडील, आजोबा अशिक्षित.

गुरुवारी भोकरदनजवळच्या त्यांच्या वस्तीवर गेलो. सुनीताची आत्या खुरपे घेऊन रानात निघाली होती. मी तेच प्रश्न काढले.

"साहेब, तुमच्या लग्नातले मंतर तुम्हाला पाठ हायेत का?"

"नाहीत."

"मंग तुम्ही कोण?"

चौकशीसाठी सोबत आलेला दक्षता पथकाचा कॉन्स्टेबल हसला. आत्याबाई थांबल्या नाहीत. "लोकांची रानं राखली, ऊस तोडला. बोली म्हाताऱ्यांसंगं गेली. पण गावानं आम्हाला भिल्लाबिगर दुसरं काही म्हणलं का? विचारा, बिलकुल विचारा."

"तुमचे वडील शाळेत गेलेच नव्हते?"

"बा? गेल्ता की! चार महिने. मास्तरनं हाणलं, मंग पळून आल्ता."

"मग अर्जात अशिक्षित कसं?"

"पळून आलेल्याला शिकलेला कोण म्हणतंय?"

गावच्या शाळेतल्या कपाटात निजामाच्या काळातले रजिस्टर निघाले. ते उर्दूत होते. मुख्याध्यापकांनी फोन केला, तसे भोकरदनहून एक निवृत्त उर्दू शिक्षक एसटीने आले. त्यांनी बोट ठेवून वाचले: सुनीताच्या आजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, कौम भील, म्हणजे जमात भिल्ल. शेवटच्या रकान्यात, न सांगता गैरहजर, नाव कमी.

राज्यघटनेच्या आधीच्या अशा नोंदीला समितीपुढे सर्वांत जास्त वजन असते.

अहवालात मी लिहिले: उत्तरे अपुरी आहेत, तेवढ्यावरून अर्जदार भिल्ल नाही असे सिद्ध होत नाही. साहेबांनी दोनदा वाचून सही केली. त्यांचा आणि उर्दूच्या गुरुजींचा मी आभारी आहे. आत्याबाईंचा सर्वांत जास्त. इतक्या वर्षांच्या नोकरीत ‘मंग तुम्ही कोण?’ हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मुदतीच्या दोन दिवस आधी सुनीताला व्हॅलिडिटी मिळाली. सध्या ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.