रिसनसाठी सोडलेली जागा

माझा नवरा सबती फोटो उत्तम काढायचा आणि बोलायचा फटकळ. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याला तोंडावर सांगायचा, "डावी बाजू माझ्याकडं करा. उजवीकडून तुम्ही खोटारडे दिसता." लोक हसायचे आणि मुकाट डावी बाजू द्यायचे. अमारा गावात त्याचा स्टुडिओ चाळीस वर्षं चालला. स्वतः मात्र तो कधी कॅमेऱ्यापुढं बसला नाही. त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून किंचित उतरलेली, त्याची लाज असावी असं मला वाटायचं. विचारलं तर म्हणायचा, "न्हावी स्वतःची दाढी दुसऱ्याकडून करून घेतो, मी तेवढा धीट नाही."

मी बगदादहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली. त्यामुळं अंधारी खोली माझी. कॅमेरा, पेन्सिल, कात्री त्याची. बाटल्या आणि तबकं माझी. भांडणं दोघांची.

मोठं भांडण फोटो धुण्यावरून. आम्ही मंदाई, इराकातला नदीकाठचा जुना धर्म आमचा. आमच्यात वाहत्या पाण्याशिवाय काही शुद्ध होत नाही, नवरानवरी काय आणि भांडीकुंडी काय. सबतीनं त्यात फोटोही घातले. हौदातल्या पाण्यात धुतलेला फोटो त्याला चालत नसे. रोज सकाळी न्याहारीची साय-भाकरी झाली की टोपली घेऊन मागच्या दारानं दजला नदीवर जायचा, लाकडी चौकटीला फोटो चिमट्यांनी अडकवून पाण्यात सोडायचा आणि बसून राहायचा. लांबून पाहिलं तर पाण्याखाली दहावीस माणसं तोंड वर करून पडल्यासारखी दिसायची. नव्यानं घाटावर येणाऱ्या म्हशीवाल्या बायका घाबरायच्या.

"साचलेलं पाणी चेहरा धरून ठेवतं," तो म्हणायचा.

"साचलेलं पाणी औषध धरून ठेवतं, त्यानं फोटो पिवळे पडतात. चेहऱ्याचा काही संबंध नाही."

"तेच तर म्हणतोय मी, उम्म सिनान."

सिनान आमचा मुलगा, त्याची आई म्हणून मी उम्म सिनान. अशा माणसाशी कोण वाद घालणार?

नदीकाठी बसून त्याची मतं तयार व्हायची. चेहरा म्हणजे काठ आहे, पाणी कुठून गेलं ते काठावर दिसतं. वाळूचं वादळ येऊन गेल्यावरचा उजेड सगळ्यात प्रामाणिक, कारण त्यात कुणीच सुंदर दिसत नाही. आणि कुटुंब म्हणजे फोटोत जो कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवतो तो, बाकीचे पाहुणे. हे शेवटचं मला पटायचं. तसं मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग इराणशी लढाई सुरू झाली आणि आमच्याकडं वेगळंच काम यायला लागलं. माणूस आघाडीवर असायचा आणि घरच्यांना फोटो तर सगळ्यांचा एकत्र हवा असायचा. मग सबती बायकापोरांना उभं करताना मध्ये जागा सोडायचा. जुन्या फोटोतून माणूस कापून त्या जागेत चिकटवायचा, पेन्सिलीनं कडा मिटवायचा आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. नवीन निगेटिव्हवर मग बारीक टोकाच्या पेन्सिलीनं शेवटचा हात. इतकं सफाईनं की सुटीवर आलेला एक शिपाई फोटो पाहून म्हणाला, "मी हा कधी काढला?"

आमच्या सिनानला त्याच्या जाड चष्म्यानं लढाईतून वाचवलं होतं. सबती त्याबद्दल बोलायचा नाही. पण ज्याचा मुलगा घरात आहे त्यानं ज्याचा नाही त्याला नाही म्हणायचं नाही, असा त्यानं मनाशी नेम केला असणार.

उम्म रिसन आली ती ईदेच्या दुसऱ्या दिवशी, त्र्याऐंशी साली. बरोबर सून फख्रिया. लग्नाला चाळीस दिवस झाले आणि रिसन आघाडीवर गेला. त्याला सहा महिन्यांत बेपत्ता ठरवलं. मेला असं कुणी म्हणत नव्हतं आणि जिवंत आहे असंही कुणी सांगत नव्हतं.

"उस्ताद, मध्ये जागा सोड," म्हातारी म्हणाली. "त्याच्या लग्नातला फोटो आणलाय. पण तसाच नको चिकटवू. वर्ष झालंय. मिशी वाढली असेल."

सबतीनं मिशी वाढवली. पुढच्या ईदेला गाल किंचित बसवले. त्याच्या पुढच्या ईदेला कपाळावर एक आठी घातली. दर वर्षी म्हातारी बारकाईनं बघायची आणि म्हणायची, "हं. असाच झालाय." घरात तिनं भिंतीवर या फोटोंची ओळ लावली होती. गल्लीतल्या कुणी दबक्या आवाजात सुनेच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला की त्या भिंतीकडं बोट दाखवायची: "ईदेला येऊन गेला की माझा."

या तीन वर्षांत सबती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, आणि मी दर वेळी उडवून लावायचे. "मी काढत नाही गं. रेषा आधीच तिथं असते. पेन्सिल नुसती तिच्यावरून जाते."

"चष्मा बदल."

चौथ्या ईदेची, शहाऐंशीची निगेटिव्ह माझ्या हातात आली तेव्हा रिसनच्या डाव्या भुवईवर तिरकी, बोटाच्या पेराएवढी रेघ होती. "ही खूण कशाला घातलीस?" मी विचारलं.

"मी नाही घातली."

मी कापसाला स्पिरिट लावून निगेटिव्ह पुसली. सबतीची सगळी पेन्सिल निघून गेली, मिशी पुन्हा कोवळी झाली, आठी गेली. भुवईवरची रेघ तशीच राहिली. ती पेन्सिलीची नव्हतीच, फिल्मच्या आतली होती. लग्नाच्या मूळ फोटोत ती नव्हती. फिल्मचं नवं पाकीट उघडलं, औषध नवं केलं, पुन्हा फोटो काढला. रेघ आली. मी तिसऱ्यांदा काही केलं नाही. मला दुसरी कामं होती.

उम्म रिसननं फोटो पाहिला, भुवईवर अंगठा ठेवला. "लागलंय त्याला," एवढंच म्हणाली.

पुढच्या वर्षीपासून सबती त्या फोटोवर आठ आठ दिवस बसायला लागला. "हात चालत नाही," म्हणायचा. "आतून काही येत नाही. सगळं मलाच काढावं लागतं." पण काढायचा. मी फोटो धुवायला देताना नीट पाहायचेदेखील नाही. चेहरा ओळखीचा वाटायचा, बस. म्हातारी म्हणायची, "दमलाय माझा मुलगा. डोळा बघ कसा मिटायला आलाय."

नव्वद सालच्या ईदेला आठव्या फोटोसाठी दोघी मध्ये जागा सोडून उभ्या राहून गेल्या. दोन दिवसांनी फख्रिया एकटी आली. मी चहाचा पेला पुढं केला, तिनं हात लावला नाही. सबतीच्या समोर उभी राहिली.

"उस्ताद, या वर्षी तो नका घालू."

"म्हणजे?"

"जागा तशीच राहू द्या. मोकळी. कूतला एक मास्तर आहे, बायको वारलेली. माझ्या भावाला तीनदा विचारून गेला. कचेरीत म्हणतात, सासूनं 'गेला' म्हटल्याशिवाय कागद हलणार नाही. आणि सासू तुमचे फोटो दाखवते. मी तिशीची झाले उस्ताद. तो तुमच्या पेन्सिलीनं म्हातारा होतोय आणि मी खरीखुरी."

सबती पेन्सिलीला टोक काढायला लागला. मीच बोलले, "तू सासूला सांग ना सरळ!"

"खाला, तुम्ही सांगून बघा. मला म्हणते, तू त्याच्या शेजारी उभी राहतेस ते दिसतं फोटोत, आता मागं सरतेस होय?"

सबतीनं तिला शब्द दिला नाही. ती गेल्यावर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "एका आईला मी सांगू, की तुझा मुलगा आता मला दिसत नाही?"

"आता म्हणजे? पूर्वी दिसायचा?"

तो उठून नदीवर गेला. आठवा फोटो त्यानं नेहमीसारखाच केला. म्हातारी घेऊन गेली.

त्याच वर्षी उन्हाळा संपताना इराणातून कैदी परत यायला लागले. बसच्या बस भरून. गावात पेढे वाटावेत तशी खजूर-मिठाई वाटली जात होती. त्यांतला मुतशर नावाचा एक, रिसनच्या तुकडीतला, गालफडं बसलेला, ओळखपत्रासाठी फोटो काढायला आमच्याकडं आला. आमच्या काचेच्या कपाटात सबतीनं नमुना म्हणून उम्म रिसनच्या घरचे आठही फोटो क्रमानं लावलेले. मुतशर तिथंच खिळला.

"रिसन इथं येऊन गेला?"

सबतीनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी धावत जाऊन सासूसुनेला घेऊन आले. म्हातारी धापा टाकत खुर्चीवर बसली. मुतशरनं तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि मग कपाटासमोर उभा राहिला.

"हा रिसन," पहिल्या फोटोवर बोट. "हा पण. हा पण." चौथ्यावर त्याचं बोट थांबलं, भुवईवर. "हे पत्र्यानं लागलेलं. मीच बांधलं, माझ्या बाहीचा कपडा फाडून. वसंतात. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

म्हातारीनं खुर्ची कपाटाकडं ओढली.

"त्याच वर्षी हिवाळ्यात तापानं गेला, खाला. शहाऐंशीच्या शेवटी. मी होतो शेजारी. कैद्यांच्या छावणीच्या कुंपणाबाहेर पुरलं." मग त्यानं पाचवा फोटो पाहिला, सहावा, सातवा, आठवा. मान हलवली. "हा कोण आहे? हा रिसन नाही."

तो वळला. सबतीकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं पाहिलं. "उस्ताद, हे तर तुम्ही आहात."

डावी पापणी उतरलेली. नाक सबतीचं. कानाची पाळी सबतीची. तिशीतला सबती, मी ज्याच्याशी लग्न केलं तो, दुसऱ्याच्या बायकोच्या आणि दुसऱ्याच्या आईच्या मध्ये चार वर्षं उभा होता. मला ओळखू आलं नव्हतं, कारण तो चेहरा मी रोज न्याहारीला पाहत होते. शिकलेली म्हणून मिरवणारी मी, मला!

उम्म रिसन उठून कपाटाशी गेली, पाचव्या फोटोवर अंगठा ठेवला. मग म्हणाली, "चार वर्षं मी सकाळी उठून कुणाला सलाम करत होते?"

"मला," सबती म्हणाला. "मला कळलं नाही, खाला."

"तुला कळलं होतं," ती म्हणाली. रागानं नव्हे. "तुझा हात चालत नव्हता, तरी तू काढलंस. आणि डोळा मिटायला आलेला मी पाहत होते, तरी मी घरी नेलं." तिनं डोक्यावरचा कपडा नीट केला. "फख्रिया, उद्या कचेरीत जाऊ. मी सांगते गेला म्हणून. मुतशर, तू येशील ना रे?"

"येईन, खाला."

फख्रिया भिंतीकडं तोंड करून रडली. मला वाटलं ती आनंदानं रडेल. तसं नव्हतं ते.

कागद झाला. फख्रिया कूतला निघण्याआधी दोघी शेवटचा फोटो काढायला आल्या. सबतीनं सवयीनं दोघींच्या मध्ये माणसाएवढी जागा सोडली. म्हातारी ओरडली, "अगं सरक की इकडं! मला काय रोग झालाय?" फख्रिया सरकली. म्हातारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या सकाळी तो फोटो धुवायला सबतीबरोबर मीही नदीवर गेले. टोपलीत म्हातारीनं परत केलेले चार फोटोही होते. ते त्यानं चिमटे न लावता एकेक करून सोडले. वेताच्या बेटाच्या कडेनं ते तोंड वर करून गेले, एकामागून एक, घाई नसल्यासारखे. मग तो हात धुवायला वाकला आणि तसाच राहिला.

"काय झालं?"

"तू बघ."

मी त्याच्या शेजारी वाकले. पाण्यात माझं तोंड होतं, सुरकुतलेलं, हलणारं, मला आवडत नाही तसंच. माझ्या शेजारी, तो वाकला होता तिथं, आभाळ होतं आणि वेताचे शेंडे.

"उन्हाचा कोन," मी म्हणाले.

"असेल," सबती म्हणाला.

मी उठले आणि त्याचा दंड घट्ट धरला. दंड होता, गरम होता. त्यानंतर तो बारा वर्षं जगला, भांडला, लोकांना खोटारडे म्हणाला. त्याच्या शेजारी पाण्यात वाकून मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांनी फख्रियानं कूतहून फोटो पाठवला. ती, मास्तर, मास्तराची आधीची मुलगी आणि मांडीवर एक नवी. सबतीनं भिंग लावून तपासला, मग भिंग माझ्याकडं दिलं. मी मोजपट्टी घेऊनच बसले. चौघं खांद्याला खांदा लावून होती. बोटभर जागा कुठं नव्हती.