मोटारी थांबल्यावरचा पखवाज

मंडळी, अॅम्प्लिफायर क्लास डी चांगला की क्लास एबी, यावर आपण ग्रुपवर लई भांडलो. आज राहू गावी, घरी आलोय, म्हटलं, निकालच लावू.

एकीकडे माझा नवा, डब्याएवढा क्लास डी. दुसरीकडे आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, जड ट्रान्सफॉर्मरवाला जुना क्लास एबी. स्पीकर तेच, आवाजही सारखाच ठेवला. रेकॉर्डिंग गावच्या भजनाचं, पखवाजावर आप्पा.

दुपारी नव्यावर थाप कशी स्वच्छ! जुन्यावर तीच फाटत होती. मी म्हणालो, "आप्पा, हा आता भंगारात." ते नुसतं "बरं" म्हणाले.

संध्याकाळी शेतीची थ्री फेज लाइन गेली आणि शिवारातल्या पाण्याच्या मोटारी एकदम थांबल्या. घरातला बल्ब उजळला, तेव्हा कळलं. दुपारभर मोटारींनी व्होल्टेज ओढलं होतं. नव्याला त्याचं काही नव्हतं, जुना बिचारा अर्धपोटी वाजत होता.

परत जुना लावला. आता थाप ओल्या मातीत पाऊल पडावं तशी उमटली, आणि तिची आस, म्हणजे मागं घुमत राहणारा नाद, अंगणात कितीतरी वेळ रेंगाळला. बोटं आखडल्यापासून आप्पांनी पखवाज सोडलाय. पण डोळे मिटलेले, आणि बोटं गुडघ्यावर चाललेली.

तुम्हीच सांगा, गोड काय झालं होतं? अॅम्प्लिफायर, की गप्प झालेलं शिवार? खात्री करायला मी नवा जोडायला उठलो.

आप्पा डोळे न उघडताच म्हणाले, "बस खाली. आत्ता कुठं हात बसलाय."