गाडीचे पाय धुणारे भाऊजी

आता इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझा जीव अजून तसाच जळतो. विसर म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातची चावी कोणी काढून घेतली नव्हती, म्हणून म्हणतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचे हे बोटीवर. एका सुट्टीत त्यांनी जुनी गाडी घेतली आणि परत जाण्याआधी ओहोटीच्या ओल्या वाळूवर मला ती चालवायला शिकवली. कुणकेश्वरच्या बाजूला आमचं गाव, वर सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि खाली समुद्र. घरी यायचं तर सड्यावरून उभी घाटी उतरावी लागे. बाईमाणूस गाडी चालवतं म्हणून लोक कुंपणावर येऊन बघत. बघेनात! मला खारेपाटणला जायचं असे. तिथे माझी आई अंथरुणाला खिळलेली. एस.टी.नं गेलं तर त्याच दिवशी परत येणं जमत नसे, आणि घरी सासूबाई नि शाळेतली दोन पोरं. गाडी आली तशी मी दर आठवड्याला जाऊन तिला न्हाऊ घालून यायची.

घरात मोठे माझे थोरले दीर. त्यांना गाडी चालवता येत नसे, पण गाडीतलं सगळं कळत असे! गाडी दारात आली की ते तांब्या घेऊन हजर. प्रवासातून आलेल्याला पाय धुवायला पाणी द्यायचं ही आमच्याकडची रीत, आणि गाडी म्हणजे लक्ष्मी. मग पुढच्या दोन चाकांवर पाणी ओतायचे, चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची. "बग आये, कशी दमली हा ती!" असं सासूबाईंना कौतुकानं सांगायचे.

काही महिन्यांनी ब्रेक लावला की गाडी थरथरायला लागली. एरवी गाडी सरळ जायची, पण ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात नाचायचं आणि पेडल तळपायाला खालून ढकलायचं. मी घरी सांगितलं, तिथेच चुकलं. भाऊजी माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असताना सासूबाईंना म्हणाले, "आये, बायलमाणसाच्या हातातली गाडी थरथरतली नाय तर काय करतली? चावी माझ्याकडे दी म्हणान सांग तिका."

चावी गेली. सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या.

गॅरेजच्या मेस्त्रीनं पुढची चाकं मागे, मागची पुढे केली. काही फरक नाही. गाडी मेस्त्रीकडे न्यायला भाऊजींनी एक ड्रायव्हर आणला होता, त्याच्या हातातही ती तशीच थरथरली. आता तरी भाऊजींचं तोंड बंद व्हावं ना? छे! "तिनाच बिघडवून ठेवल्यान!" इकडे खारेपाटणहून निरोपावर निरोप, आई विचारते म्हणून. मी चावी मागितली की उत्तर एकच, बिघडलेली गाडी लांब न्यायची नाही.

ड्रायव्हर दुसऱ्यांदा गाडी मेस्त्रीकडे न्यायला निघाला, तेव्हा मी कुणाला न विचारता पुढच्या सीटवर जाऊन बसले. ह्यांनी शिकवताना सांगितलं होतं, हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. सड्यावरच्या सपाट मोकळ्या रस्त्यावर मी त्याला म्हटलं, "ब्रेकवरचो पाय काढ." आणि हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी गुमान थांबली, थरथर नाही. "आता पायान लाव." लावला, आणि काचा खडखडल्या. म्हणजे दोष पुढच्या ब्रेकांत.

मेस्त्री हसला. "वयनी, तुमी आता ग्यारेज काडा!" मी म्हटलं, काढीन, आधी पुढचे ड्रम काढ. ब्रेक दाबला की आतले पट्टे ज्याला घासतात तो लोखंडी डबा म्हणजे ड्रम. तो लेथवर चढवून फिरवला तर हत्यार एका बाजूला किर्र करून लागे आणि दुसऱ्या बाजूला टेकतच नसे. मेस्त्रीचं हसू गेलं. "हो वाकडो झालो हा."

"लोखंड आपसूक वाकडा जाता?"

"लोखंड नाय वयनी, बीड ता. एकदम तापला नि एकदम निवला तर वाकता."

बीड, म्हणजे ओतीव लोखंड! माझ्या कानात ते चर्र वाजलं. घाटी उतरताना ब्रेक तापायचे आणि दारात थंडगार तांब्या तयार.

ड्रम घासून सारखे करून गाडी घरी आणली, ती ड्रायव्हरकडून चावी घेऊन मीच चालवत. भाऊजी तांब्या घेऊन पुढे झाले तशी मी चाकासमोर उभी राहिले आणि सासूबाईंना विचारलं, "आई, घावनाचो तवो चुलीवरसून उतरलो की त्येच्यार पाणी ओतू काय?"

"खुळी काय गो तू? बिडाचो तवो तो, फुटतलो मा!"

"मग भाऊजी इतके महिने काय करतत?"

मग सगळं सांगितलं. आणि हा माणूस, ज्यानं गावभर माझ्या हातांना नावं ठेवली, तो पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला. काय बोलला, ऐका. "मगे माका आधीच सांगूक काय झाला होता?"

चावी परत घ्यायला म्हणून त्यांनी ड्रायव्हरपुढे हात केला, पण ती माझ्याच मुठीत होती. मी ती पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी खारेपाटणला गेले. दारात ब्रेक लावला, गाडी मऊ थांबली. आई जागी होती, पण मधल्या दिवसांत तिची वाचा गेली होती. वहिनी म्हणाली, बोलता येत होतं तोवर रोज संध्याकाळी एकच विचारायची, "गाडी इली काय गो?"

मी तिला न्हाऊ घातलं. ती नुसती बघत होती. आता सांगा, कसं विसरू?