बोरटोल्याच्या फाट्यावरचं कुलूप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे चहा नाकात जाणार नाही. कारण मी जे करून ठेवलं ते ऐकून आमच्या अब्बांना असा ठसका लागला होता की अम्मीला पाणी घेऊन धावावं लागलं. लोकांनी पायी चालावं, सायकल चालवावी, बसने जावं, त्यासाठी रस्ते आणि थांबे कसे आखायचे हे मी शिकून आले. चंद्रपुरात त्याच कामाची नोकरीही लागली. आणि पहिल्याच कामात काय दिवे लावले ते सांगते.

गोंडपिपरीच्या रस्त्यावर बोरटोल्याचा फाटा आहे. गाव आत, जंगलात. सकाळी कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, कामावर जाणारी माणसं अशी सगळी सायकलींवर फाट्यापर्यंत येतात, सायकली सागाच्या झाडांना टेकवतात आणि एसटी धरतात. कुलूप? छे. तिथे सायकलीला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यावर आळ घेणं. संध्याकाळच्या बसने सगळे एकदम उतरतात आणि घंट्या वाजवत, मोठमोठ्याने गप्पा मारत, एका घोळक्यानेच गावात शिरतात, तेही अंधार पडायच्या आत. आपण येतोय हे वाघाला आधी कळलेलं बरं असतं ना.

हे पाहून मी हरखून गेले. सायकल आणि बसची अशी जोड घालायला आम्हाला वर्गात शिकवत होते, आणि इथे ती न शिकवता चालू होती. मग कमी काय होतं? तर म्हणे स्टँड. म्हणे म्हणजे मीच म्हणे. वर पत्रा, खाली फरशी, सायकली उभ्या करायला लोखंडी नळ्या, असा देखणा स्टँड मी बांधून घेतला. लोकांनी तो कौतुकाने पाहिला आणि सायकली सागाच्या झाडांनाच टेकवल्या.

"सुनंदाबाई, स्टँडमध्ये काऊन नाई ठेवत जी?" मी सरपंचबाईंना विचारलं.

"ठेवू न, शबाना म्याडम. पन ज्याचं त्याचं झाड ठरलेलं हाये. तुमच्या स्टँडात साऱ्या सायकली सारख्याच दिसतात."

इथवर ठीक होतं. पण तेवढ्यात आमचे नागपूरचे मोठे साहेब पाहणीला येणार असं कळलं. त्यांना स्टँड पसंत पडला तर आणखी फाट्यांवर काम मिळणार होतं. नाही पडला तर प्रकल्प बंद, आणि प्रकल्पाबरोबर मीही घरी.

पाहणीच्या दुपारी फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. स्टँड रिकामा आणि सायकली झाडांना. काय करणार? पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि एकेक सायकल ओढत स्टँडमध्ये आणून उभी केली. त्या उभ्या राहतील तर शपथ. एक पडली की शेजारची, तिच्यामागे पलीकडची. शेवटी पुढच्या गावातल्या दुकानातून लांब साखळी आणि कुलूप आणलं आणि सगळ्या नळीला आवळून टाकल्या.

साहेब आले, फोटो काढले, खूश झाले. "वा, काय शिस्त अंगी बाणली आहे लोकांच्या." मी विनयाने मान खाली घातली. मग ते म्हणाले, "चला, कुठेतरी चहा घेऊ, पुढच्या कामाचं बोलू." मी त्यांच्या गाडीत बसले. पुढच्या कामाचं म्हटल्यावर मागचं कोणाला आठवतं?

बऱ्याच दूरच्या एका हॉटेलात चहा समोर आला आणि सुनंदाबाईंचा फोन आला.

"म्याडम, अनर्थ झाला. फारेष्टवाल्याइनं साऱ्या सायकली जप्त केल्या. बस आत्ताच आली, लोकं उभे हायेत फाट्यावर. तुमच्या साहेबाले सांगून सोडवा न जी."

गावकऱ्यांचंही चुकलं नव्हतं. जंगलातून लाकडं आणताना सायकल सापडली की वनखात्याच्या नाक्यावर जप्त होते. साखळीने बांधलेली सायकल त्यांनी फक्त तिथेच पाहिलेली.

आणि मी? माझं रक्त उसळलं. तिथल्या तिथे नाक्यावर फोन लावला. "गोरगरिबांच्या सायकली जप्त करता? त्यांनी घरी कसं जायचं?"

"बाई, आमी सकाळपासून काडी बी जप्त नाई केली," पलीकडचा गार्ड म्हणाला.

"खोटं बोलू नका," मी त्याला दटावलं.

साहेब कप खाली ठेवून उठले. "शाबास. लोकांसाठी असंच भांडायला हवं. चला, मीच बघतो कोण जप्ती करतो ते." तेवढ्यात पुन्हा सुनंदाबाईंचा फोन. "साखळी नवी कोरी हाये जी. वरून निळं प्लास्टिक. कुलूप पितळीचं."

निळं प्लास्टिक ऐकलं आणि माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. किल्ली तिथेच होती. सुनंदाबाईंना खरं सांगायला तोंड उघडलं, तर माझ्या फोनची बॅटरी संपलेली.

परतीच्या वाटेवर साहेब पुढच्या सीटवरून कोणाकोणाला फोन करत होते आणि मी मागे किल्ली मुठीत दाबून बसले होते. सांगायला हवं होतं, मान्य. दोनदा सुरुवातही केली. पण दोन्ही वेळा साहेबच आधी बोलले, "ज्याने हे केलं त्याला मी सोडणार नाही." मग मी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. तेव्हा मात्र नोकरीबिकरी सगळं डोक्यातून गेलं. माझ्यामुळे ती पोरं, त्या बाया जंगलातून पायी निघाल्या असतील. मी खरंच घाबरले होते.

फाट्यावर पोचलो तर माणूस नाही. सायकली तेवढ्या शिस्तीत उभ्या.

मी गावाच्या वाटेकडे धावत सुटणार, तोच आतून घरघर ऐकू आली आणि झाडांमधून चक्क एसटी बाहेर आली. कंडक्टर दारात उभा. "सायकलीवाले शोधून राह्यले का जी? घरी सोडलं साऱ्याइले. डायवर म्हने, वाघाच्या टायमाले लेकराइले पायी सोडून मी गाडी हानत नाई."

"पण आत बस जात नाही ना?" साहेबांनी विचारलं.

"कोनी नेलीच नोहती. आज नेली तं गेली. रस्ता बेस हाये, शाळेपाशी वळवाले जागा बी हाये."

मला इतकं हायसं वाटलं की सगळं विसरून मी सरळ स्टँडकडे गेले आणि कुलूप उघडलं. मागून साहेबांचा आवाज आला, "ही किल्ली तुमच्याकडे कशी?"

"साहेब, ती शिस्त," मी म्हटलं, "मीच बाणवली होती."

साहेब गाडीला टेकून हसत सुटले. माझी नोकरी वाचली ती त्या हसण्यामुळे. वर त्यांनी बस गावात न्यायचं मनावर घेतलं, आणि आता बोरटोल्यात सकाळ-संध्याकाळ एसटी जाते. फाट्यावर सायकल कोणी आणतच नाही. माझ्या स्टँडमध्ये बाया मोहफुलं वाळवतात, आणि फरशी छान आहे असं सांगतात.

गेल्या आठवड्यात आणखी आतल्या एका गावचे दोन म्हातारे ऑफिसात आले. मी उत्साहाने स्टँडचे नकाशे टेबलावर पसरले. त्यांनी ते बाजूला सारले आणि पिशवीतून एक कोरं कुलूप काढून माझ्यापुढे ठेवलं.

"स्टँड-बिंड राहू द्या, म्याडम," त्यातले एक म्हणाले. "आमच्या बी फाट्यावर येवढं लावून द्या, अन् किल्ली घेऊन घरी जा."