सत्यवानाच्या कागदातली सतराशे त्रेसष्ट

सुगंधाबाई परब तेरा वर्षं सातवीला गणित शिकवत होत्या. १९६६ च्या जूनपासून शाळेला आठवी जोडली जाणार होती, आणि तिचं गणित आपल्याकडे यावं, एवढंच त्यांनी देवीपाशी मागितलं होतं. तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष धोंडूशेट यांना त्या जागेसाठी आपला जावई आठवला.

जावई म्हणजे सत्यवान, बाईंचाच विद्यार्थी, हातचा विसरण्यात पहिला नंबर. मुंबईत कुठल्याशा संस्थेत तो गणकयंत्रासाठी कार्डांना भोकं पाडायचा. यंत्राला म्हणे गार हवा लागते. त्या गारठ्यात याचं नाक सहा वर्षं गळलं, म्हणून नोकरी सोडून सासुरवाडीला येऊन बसला. येताना त्याने हातभर कागद आणला. साहेबांच्या कामात आपली कार्डं घुसवून, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने दोन हजारांपर्यंतच्या साऱ्या मूळ संख्या त्याने काढल्या होत्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही, अशा संख्या. धोंडूशेट तो कागद गावभर मिरवत होते.

मे महिन्यात समितीची सभा त्यांच्याच खळ्यात भरली. बाजूला काजूच्या बिया वाळत होत्या. शेटांनी आधी कागदाला कुंकू लावलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. देवाचं कुंकू ते, दिसेल त्याला काय फासायचं?

मग कागद बाईंच्या हाती दिला तो त्या दिपून जाव्यात म्हणून. बाई दिपल्या नाहीत, घडी उघडली तिथून, सतराशेपासून, वाचत गेल्या आणि सतराशे त्रेसष्टवर थांबल्या. बेचाळीसचा वर्ग सतराशे चौसष्ट. त्यात एक कमी, म्हणजे एक्केचाळीस गुणिले त्रेचाळीस. असले हिशेब त्या देवीच्या वाती वळता वळता करायच्या.

"सत्या, ही मूळ संख्या न्हय रे."

"बाई, मशिनीन काढलेली आसा," सत्यवान नाक पुसत म्हणाला. "माणूस चुकतलो, मशिन नाय."

"एवढ्या मोठ्या मशिनीक तुम्ही शिकवतल्यात?" शेट हसले.

"मशिनीक नाय, जावयाक," बाई म्हणाल्या. "तुमच्याच बिया मोजूक सांगा तेका. सतराशे त्रेसष्ट."

सत्यवान बसला मोजायला. शंभराच्या सतरा राशी, वर त्रेसष्ट. मग त्रेचाळीस-त्रेचाळीसच्या रांगा लावता लावता त्याचा सदरा घामाने भिजला. एक्केचाळीसावी रांग पुरी झाली. हातात एक बी उरली नाही.

धोंडूशेट उठले, रांगेतली एक बी उचलून त्यांनी खिशात टाकली आणि म्हणाले, "आता बघा. बसता काय रांग?"

समितीतले लोक असे हसले, की जानकीकाकी, शेटांची बायको, ओसरीवरून बघायला आली. शेटांची बाजू घेणारा त्या हशात एकही उरला नाही. आठवी बाईंकडेच आली.

जाताना बाईंनी सत्यवानाला विचारलं, "मशिनीक कितीपर्यंत भागून बघूक सांगितलंस?"

"चाळीसापर्यंत."

"कित्याक?"

"बाई, तेच्या फुडे भागून कोण बघता?"

मशिनीने सांगितलं तेवढं केलं होतं. आठवीची पोरं या माणसाच्या हाती गेली नाहीत, म्हणून बाईंनी देवीला मनातल्या मनात हात जोडले आणि चपला घातल्या.